गोळी, दूध आणि घड्याळ : थोडं कडक लिहितो



रोवणे आटोपत आले. गादमाशी, खोडकिडा, युरियाचा दुसरा हप्ता यावर पुढच्या नोंदीत लिहीन. आज पिकावर नाही, पीक काढणाऱ्या माणसाच्या तब्येतीवर लिहून राहिलो. काही लोकांना झोंबेल. झोंबू द्या.

आमच्या एकोडीत काय, साकोलीत काय, अख्ख्या झाडीपट्टीत आता घरटी एक तरी गोळ्यांची पिशवी आहे. बीपीची, शुगरची, थायरॉईडची, रक्तवाढीची, कुठं टीबीची. आणि ज्या घरी गोळ्यांची पिशवी आहे, त्याच घरी बहुतेक एखादी गाय नाहीतर म्हैस आहे. म्हणजे दूध आणि गोळी एकाच चुलीपुढं येतात. या दोघांचं जमते की नाही, यावर गावात तीन पार्ट्या आहेत.

पहिली पार्टी जुन्या बायामाणसांची. "गोळी गरम पडते, दुधासंग घे." दुसरी पार्टी मोबाईलवाली. "दूध विष आहे, शुगरवाल्यानं, थायरॉईडवाल्यानं दूध, दही, मठ्ठा सगळं बंद करा." तिसरी पार्टी विकणाऱ्यांची. "अमुक गाईचं दूध प्या, गोळ्या सुटतील." माझं म्हणणं असं की तिन्ही पार्ट्या चूक आहेत आणि तिघांमुळंही पेशंटचं नुकसान होते. पण त्यांच्याहून मोठी चूक चौथ्याची आहे. गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून हातात देते आणि ती कधी घ्यायची, कशासोबत घ्यायची हे सांगत नाही, तो चौथा. त्याच्यावर शेवटी येतो.

आधी कारण समजून घ्या

शेतकऱ्याला ही गोष्ट डॉक्टरपेक्षा लवकर समजायला पाहिजे. धानाला खैरा आला की आपण झिंक सल्फेट देतो. कृषी केंद्रातला जाणता माणूस लगेच सांगते, "डीएपीत मिसळू नका जी." काहून? तर डीएपीतला स्फुरद आणि जस्त एकमेकांना धरतात, पाण्यात न विरघळणारा गोळा होतो आणि धानाच्या मुळाला दोन्हीही नीट मिळत नाहीत. खत चांगलं, जस्तही चांगलं, जोडी वाईट. धुऱ्यावर ग्लायफोसेट मारणाऱ्यांनाही माहीत आहे, जड पाण्यात तणनाशक कमी लागू पडते. जड पाण्यातलं कॅल्शियम त्या औषधाला पकडून ठेवते.

दुधातही तेच कॅल्शियम आहे. गाईच्या एक लिटर दुधात साधारण सव्वा ग्रॅम, म्हशीच्या दुधात त्याहून जास्त. काही गोळ्या अशा आहेत की पोटात कॅल्शियम भेटलं की त्या त्याला चिकटतात. मग त्या आतड्यातून रक्तात शिरत नाहीत, शौचावाटे निघून जातात. गोळी घेतली, पैसे गेले, बस भाडं गेलं, फायदा मात्र अर्धा. दूधही चांगलं, गोळीही चांगली, जोडी वाईट. एवढीच भानगड आहे. यात गरम-थंड काही नाही आणि विषही नाही.

कोणत्या गोळ्यांना दूध अडवते

१) लोहाची, म्हणजे रक्तवाढीची गोळी. ही सगळ्यात महत्त्वाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या ५४ टक्क्यांहून जास्त बायांमध्ये रक्त कमी आढळलं. निम्म्याहून जास्त! सरकार गरोदर बाईला लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी रोज देते, निदान १८० दिवस. आता ती गोळी बाई कधी घेते? सकाळच्या चायसोबत. चायमध्ये दूध, दुधात कॅल्शियम, वरून चायपत्तीचा तुरटपणा. दोघंही लोहाला अडवतात. त्याच बाईला कॅल्शियमची गोळीही मिळते, ती बिचारी दोन्ही एकदमच गिळते. सरकारच्याच सूचनेत आहे की लोह आणि कॅल्शियम सोबत घेऊ नका, निदान दोन तास अंतर ठेवा. ती सूचना कागदावर आहे, बाईच्या कानापर्यंत आलीच नाही. मग सहाव्या महिन्यात रक्त तपासतात, वाढलेलं नसते आणि तिलाच रागावतात, "गोळ्या खात नाहीस तू!" खाते हो ती. चायसोबत खाते, एवढंच.

२) थायरॉईडची गोळी. ही उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर एक तास, चाय नाही, दूध नाही, नाश्ता नाही. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी हिच्यापासून चार तास लांब.

३) काही अँटिबायोटिक. टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन. लघवीच्या जळजळीला नाहीतर जुलाबाला आपल्याकडं यातल्या गोळ्या सर्रास मिळतात. फिनलंडमधल्या संशोधकांनी १९९१ साली तपासून दाखवलं होतं की ग्लासभर दूध किंवा दह्यासोबत सिप्रो घेतली तर रक्तात पोचणारं औषध साधारण एक तृतीयांशानं कमी होते. नॉरफ्लॉक्सासिनचं नुकसान त्याहून जास्त, जवळपास निम्मं. आणि आपल्याकडं जुलाबाला गोळी दिली की सोबत दही-भात देतात! दही-भात चांगलाच आहे, पण गोळी दोन तास आधी घ्या.

४) डॉक्सिसायक्लिन. हे नाव धानवाल्यांनी लक्षात ठेवा. २०१८ साली विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवतातल्या, झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा हा ताप. गवत कापणारे, धुरा साफ करणारे, जनावरं चारणारे आपणच आहोत. त्यावर मुख्य औषध हीच कॅप्सूल. दुधाचा अडथळा हिला टेट्रासायक्लिनपेक्षा कमी, पण आहे. पोट बिघडत असेल तर जेवणासोबत घ्या, पण दुधासोबत, ॲसिडिटीच्या पातळ औषधासोबत किंवा लोहाच्या गोळीसोबत नको. ग्लासभर पाणी प्या आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका. ही कॅप्सूल अन्ननळीत अटकली तर जखम करते.

५) टीबी. साध्या टीबीच्या गोळ्या उपाशीपोटी चांगल्या लागतात. पण औषधाला दाद न देणारा टीबी असला तर लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन असते. त्या गोळीच्या आगेमागे दोन तास दूध, दही, कॅल्शियम, ॲसिडिटीचं औषध नको.

६) हाडं ठिसूळ झाल्यावर आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी. उठल्याबरोबर, फक्त साध्या पाण्यासोबत, मग अर्धा तास काही नाही आणि तोवर बसून किंवा उभं राहायचं.

आणि कोणत्या गोळ्यांना दुधाशी काही घेणंदेणं नाही

हेही तेवढंच ठासून सांगतो, कारण अर्धवट ऐकून लोक सगळंच बंद करतात. शुगरची मेटफॉर्मिन जेवणासोबत घ्यायची असते, जेवणात दूध-दही असलं तरी चालते. बीपीची अम्लोडिपिन दुधानं बिघडत नाही. अंगदुखीच्या गोळ्या जेवणानंतर घ्या असं सांगतात. सिकलसेलच्या पेशंटला जी फॉलिक ॲसिडची गोळी मिळते तिलाही दुधाची अडचण नाही. हत्तीरोगाच्या मोहिमेत ज्या गोळ्या समोर उभं राहून खायला लावतात, त्या तर उपाशीपोटी घेऊच नका असं सांगतात.

सिकलसेलबद्दल एक वेगळी गोष्ट. हा आजार आपल्या पूर्व विदर्भात घरोघरी ओळखीचा आहे. त्यात रक्त कमी असते म्हणून कोणी आपल्या मनानं लोहाच्या गोळ्या सुरू करतो. तसं करू नका. सिकलसेलमध्ये लोह द्यायचं की नाही हे डॉक्टर तपासून ठरवतात.

"दूध बंद करा" वाल्यांना

तुमचं मोबाईलवरचं ज्ञान ऐकून एखादी आजी वाटीभर दही सोडते, त्याबदल्यात तुम्ही तिला काय देता? बदाम? आमच्या ताटात भात असते, वरण पातळ असते, भाजी असली तर असते. त्यात चांगल्या प्रथिनाचा एकच रोजचा, घरचा आधार, तो म्हणजे दूध, दही, मठ्ठा. तोच काढून घेता?

झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात चार जिल्ह्यांत मोठा अभ्यास झाला. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव त्यात होते. २,८०० टीबी पेशंटना औषधासोबत दर महिन्याला शिधा दिला. तांदूळ, सातू, दुधाची पावडर, तेल. २०२३ साली निकाल छापून आला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन चांगलं वाढलं, त्यांच्यात मरणाचं प्रमाण बरंच कमी होतं. म्हणजे टीबीच्या पेशंटला अन्न पाहिजे, दूधही पाहिजे. केंद्र सरकार निक्षय पोषण योजनेत टीबी पेशंटला महिन्याला आधी ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये देते, ते खाण्यासाठीच. त्या पेशंटला "दूध बंद" सांगणारा त्याचा दुश्मन आहे. त्याला "गोळीपासून दोन तास सोडून दूध पी" एवढंच सांगायला पाहिजे.

शुगरवाल्यांचं पाहा. ग्लासभर, म्हणजे २०० मिलि दुधात स्वतःची साखर नऊ-दहा ग्रॅम असते. ती हिशोबात धरा. पण दिवसातून पाच चाय, प्रत्येकीत दोन चमचे साखर, तिचा हिशोब कोण धरणार? दोष द्यायचा तर साखरेच्या डब्याला द्या. बीपीवाल्याला मठ्ठा वाईट नाही, त्यात टाकलेलं मूठभर मीठ वाईट आहे.

एका ठिकाणी दूध खरंच मोजून घ्यावं लागते. किडनीचा आजार पुढं गेलेला असेल तर दुधातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस त्रास देऊ शकते. पण किती घ्यायचं हे रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टर सांगतील. मोबाईलवर आलेला फोटो सांगणार नाही.

"या दुधानं गोळ्या सुटतात" वाल्यांना

मी गाय पाळतो, गावठी जनावर मला प्रिय आहे. आमच्या उन्हात, आमच्या तणसीवर ते टिकते, हीच त्याची मोठी किंमत आहे. पण त्याच्या नावावर साध्या दुधाच्या दुप्पट-तिप्पट भावानं बाटली विकायची आणि वरून सांगायचं की शुगर, बीपीच्या गोळ्या बंद होतील, हे पाप आहे. ए-वन, ए-टू चा गाजावाजा एवढा झाला की केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २१ ऑगस्ट २०२४ ला पाकिटावरचे असे दावे काढायला सांगितले आणि २६ ऑगस्टला तोच आदेश मागं घेतला. पाच दिवसांत! सरकारच असं डळमळलं तर गावातल्या म्हाताऱ्यानं कोणावर विश्वास ठेवायचा? माझं सरळ म्हणणं आहे. दूध अन्न आहे. चांगलं अन्न आहे. इन्सुलिनची जागा ते घेत नाही, बीपीच्या गोळीची घेत नाही. डॉक्टरला न विचारता गोळी सोडून लकवा मारला तर बाटलीवाला दवाखान्यात भेटायला येत नाही.

आता आपल्या दूधवाल्यांनाही

दूध आणि औषध यांची गाठ पेशंटच्या पोटातच पडते असं नाही. आपल्या कोठ्यातही पडते. गाईला थनदाह झाला, सडात ट्यूब सोडली, ऑक्सिटेट्रासायक्लिनचं इंजेक्शन दिलं, की ते औषध काही दिवस दुधात उतरते. त्या बाटलीवर लिहिलेलं असते, किती दिवस दूध विकायचं नाही. काही जण तेच दूध दुसऱ्या दिवशी डेअरीवर घालतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ साली देशभरातून ६,४३२ नमुने तपासले. ७७ नमुन्यांत अँटिबायोटिक मर्यादेपेक्षा जास्त निघालं. ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-वन जास्त निघालं. बुरशी लागलेली ढेप, बुरशीचा मका, ओलसर ठेवलेलं खुराक जनावराला दिलं की ते दुधात येते. हे अफ्लाटॉक्सिन लिव्हरला घातक, आणि दूध उकळून ते जात नाही. ७७ आकडा लहान वाटते, पण त्यातला एक कॅन कोण्या लेकरानं प्यायला असेल. गावातल्या आजाऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी आपला कॅन साफ पाहिजे. औषधाचे दिवस पाळा, बुरशीची ढेप फेकून द्या.

"एवढं कोण लक्षात ठेवणार?"

हा प्रश्न मला नेहमी येतो. "भाऊ, अडाणी लोकं आहेत, दोन तास, चार तास कोण पाळणार?" मला या बोलण्याचा राग येते. ज्या बाईला फॅट आणि एसएनएफचा पॉइंट कळते, कोणत्या गाईला कधी भरवली, कोणती कधी आटवायची हे तोंडपाठ असते, ती गोळीची वेळ पाळू शकत नाही? तिला सांगितलं कोणी?

आणि आपला दिवस या कामाला एकदम सोयीचा आहे. पहाटे चार-साडेचारला उठता ना? थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर पाण्यासोबत घ्या. मग शेण काढा, धार काढा, डेअरीवर दूध घालून या. एवढ्यात तास निघून जाते. आल्यावर चाय प्या. लोहाची गोळी दुपारच्या चायच्या आधी दोन तास घ्या, नाहीतर रात्री जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत. आंबट असलं की लोह जास्त लागते. पोटात मळमळलं तर थोडं जेवण चालते, फक्त दूध आणि चाय नको. कॅल्शियमची गोळी जेवणासोबत, लोहाच्या गोळीपासून लांब. झालं. यात पैसा लागला नाही, की दुधाचा थेंब सोडावा लागला नाही.

एक सावधान. थायरॉईडची गोळी तुम्ही वर्षभर चायसोबत घेत असाल आणि आता वेळ सुधारली, तर डॉक्टरांना तसं सांगा. गोळी जास्त लागू पडेल, डोस बदलावा लागू शकते. आपल्या मनानं डोस कमी-जास्त करू नका.

आता त्या चौथ्याबद्दल

कीटकनाशकाच्या डब्यावर कायद्यानं रंगीत त्रिकोण असते. लाल, पिवळा, निळा, हिरवा. न वाचता येणाऱ्यालाही कळते की लाल म्हणजे जबर विष. आत माहितीचा कागद असते, त्यात प्रमाण, वेळ, पोटात गेलं तर काय करायचं, सगळं. म्हणजे तुडतुड्याला मारायचं औषध देताना शेतकऱ्याला माहिती द्यायची ही कायद्याची सक्ती. आणि त्याच शेतकऱ्याच्या पोटात जाणारं औषध? चार गोळ्या कापलेल्या पट्टीतून, नाव अर्धं फाटलेलं, कागदाच्या पुडीत. "सकाळ-संध्याकाळ घ्या. पुढचा या!"

दवाखान्यात गर्दी आहे, मान्य. सिस्टर एकटी, पेशंट दीडशे, मान्य. डॉक्टरसाहेब, तुमच्यावर आमचा राग नाही. पण "दुधासोबत नको" हे दोन शब्द बोलायला किती वेळ लागते? ते न बोलल्यामुळं गोळी लागू पडत नाही, पेशंट परत येते, डोस वाढते, गर्दी आणखी वाढते. वेळ वाचवायचा असेल तर आधी ते दोन शब्द बोला.

म्हणून माझी मागणी लिहून ठेवतो.

एक. गोळ्यांच्या पुडीवर तीन चित्रं छापा. उगवता सूर्य, ताट, आणि फुली मारलेला दुधाचा ग्लास. जी लागू असेल तिच्यावर पेनानं खूण. अक्षर न येणाऱ्यालाही समजेल.

दोन. आशाताई घरी येतात तेव्हा "गोळी घेतली का" असं विचारतात. त्यापुढं "कशासोबत घेतली" एवढं जोडा. त्यांना हे काम सांगणार असाल तर त्याचं मानधनही द्या, फुकट राबवू नका.

तीन. प्रत्येक दूध संकलन केंद्रावर एक फलक लावा. दुधाचा भाव लिहिता ना, त्याच्या खाली लिहा : लोह, थायरॉईड, काही अँटिबायोटिक, दुधापासून लांब. बाकी दूध जरूर प्या. दूध विकणाऱ्या संस्थेनं हे लिहिलं तर लोकांचा दुधावरचा विश्वास वाढेल, कमी होणार नाही.

चार. औषध दुकानदारांनो, लाल रेघेची पट्टी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नका. आणि चिठ्ठीवर विकाल तेव्हा वेळ सांगा. त्याचेच पैसे घेता तुम्ही.

कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्राचे साहेब लोकही ही नोंद वाचतात. तुम्ही महिला गटांच्या मीटिंगमध्ये झिंक आणि डीएपीचं उदाहरण देता, त्याच्याच पाठीमागं लोहाची गोळी आणि चाय सांगून टाका. पाच मिनिटं लागतील. बाया विसरणार नाहीत, कारण खैरा त्यांनी स्वतःच्या बांधीत पाहिलेला आहे.

आज घरी गोळ्यांची पिशवी काढा. प्रत्येक पट्टीचं नाव कागदावर लिहा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, "ही कधी घेऊ, कशासोबत घेऊ, आणि दुधाची चालते का?" उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

पुढची नोंद गादमाशीवर. चंदेरी पोंगे दिसत असतील तर बांधीचा फोटो काढून ठेवा.